काडतुसाची कड आणि कायद्याची रेषा

सुरत शहराच्या उत्तरेस, तापी ओलांडली की कोसाड लागते. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक, आवास योजनेच्या इमारतींची दाट वसाहत आणि कापड व हिरे या सुरतेच्या दोन मोठ्या धंद्यांवर पोट भरणारी कष्टकरी वस्ती, असे या भागाचे रूप आहे. समजा, या स्थानकाबाहेर पोलिसांनी दोन तरुणांना अडवले आणि दोघांच्याही कमरेला विनापरवाना रिव्हॉल्व्हर सापडले. दोन्ही हत्यारे दिसायला सारखी, दोन्हींच्या चक्रात सहा घरे, दोन्ही गावठी. पहिल्याच्या घरात .३२ बोअरचे काडतूस बसते, दुसऱ्याच्या घरात लष्कर व पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटरचे. गुन्हा सिद्ध झाला तर पहिल्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास होईल. दुसऱ्याचे हत्यार प्रतिबंधित ठरले तर त्याची शिक्षा सात वर्षांपासून सुरू होऊन चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

हत्याराची जात एकच असताना शिक्षेत एवढे अंतर पाडते ते काडतूस. हाच प्रसंग पत्रादेवीच्या किंवा मोलेच्या तपासणी नाक्यावर घडला तरी फरक पडत नाही, कारण शस्त्र कायदा केंद्राचा आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये बसवणे ही जगात इतरत्र शौकिनांच्या किंवा कारखानदारांच्या चर्चेची बाब असेल. भारतात ती परवाना, व्यापार आणि तुरुंगवास या तिन्हींना स्पर्श करते. गोव्यात २०२७ मध्ये विधानसभा निवडणूक अपेक्षित आहे आणि त्या निमित्ताने परवानाधारकांच्या बंदुका पुन्हा एकदा पोलीस ठाण्यांच्या दारात येतील. कायदा हत्यारांची वर्गवारी नेमकी कशाच्या आधारे करतो आणि तो आधार आज किती पक्का आहे, हे त्याआधी तपासून पाहणे उचित ठरेल.

कडेचा प्रश्न

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. यंत्र म्हणून त्यांच्यात मूलभूत भेद आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र असते आणि प्रत्येक काडतुसाला चक्रात स्वतंत्र घर असते. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी त्याच घरात राहते. सगळ्या गोळ्या संपल्यावर चक्र उघडून पुंगळ्या हाताने बाहेर काढाव्या लागतात. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटताच मागे येणारा सरकता भाग रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि खालचे काडतूस वर घेतो.

या भेदामुळे काडतुसाच्या बुडाची घडण बदलते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ही कड चक्राच्या पाठीवर टेकते, म्हणून काडतूस घरात पुढे घसरत नाही आणि घोड्याचा आघात बुडावरच्या टोपीवर नेमका बसतो. पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणीच्या आकाराची पट्टीही याच कडेला धरते. पिस्तुलाच्या काडतुसाला अशी कड गैरसोयीची असते, कारण मॅगझिनमध्ये एका काडतुसाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकण्याची भीती असते. म्हणून त्याचे बूड अंगाच्या जाडीइतकेच ठेवून वर एक खाच कोरलेली असते. असे बिनकडेचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात टाकले, तर त्याला धरून ठेवायला काही नसते आणि रिकामी पुंगळी बाहेर ढकलायलाही काही नसते.

ही अडचण दूर करण्याची गरज पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भासली ती १९१७ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या सैन्याचे अधिकृत हत्यार होते १९११ च्या नमुन्याचे .४५ पिस्तूल. सैन्य झपाट्याने वाढत होते आणि पिस्तुले पुरेशी नव्हती. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्या तोवर ब्रिटनसाठी .४५५ बोअरची मोठी रिव्हॉल्व्हरे बनवत होत्या. त्यांनीच आपली रिव्हॉल्व्हरे .४५ पिस्तुलाच्या बिनकडेच्या काडतुसासाठी घडवून दिली. तीन काडतुसे एकत्र धरणारी अर्धचंद्राकार पोलादी पट्टी हा त्यावरचा तोडगा होता. अशा दोन पट्ट्या टाकल्या की सहा घरे भरत. कडेचे काम पट्टी करी, आणि पुन्हा भरण्याचा वेळही वाचे. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांची मिळून सुमारे तीन लाख रिव्हॉल्व्हरे तयार झाली. युद्धानंतर, १९२० मध्ये, पट्टीशिवाय चालावे म्हणून याच गोळीचे कडदार काडतूसही बाजारात आले.

तेव्हापासून ही कल्पना टिकून आहे. १९८० च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने पट्टीशिवाय ९ मिलिमीटर पुंगळ्या बाहेर ढकलणारे रिव्हॉल्व्हर काढले. नव्वदच्या दशकात 'मेडुसा' नावाचे एक अमेरिकी रिव्हॉल्व्हर आले. कडदार आणि बिनकडेची, साधारण एकाच व्यासाची अनेक काडतुसे ते चालवू शके. आजही रुगरसारख्या कंपन्या ९ मिलिमीटरची छोटी रिव्हॉल्व्हरे विकतात. तिथल्या ग्राहकाचा हिशेब सरळ असतो. ९ मिलिमीटर हे जगातले सर्वांत प्रचलित पिस्तूल-काडतूस आहे, ते स्वस्त आहे आणि घरातल्या पिस्तुलाला व रिव्हॉल्व्हरला एकच काडतूस चालले तर सोयीचे पडते.

साम्राज्याची सावधगिरी

भारतात हा हिशेब चालत नाही आणि त्याचे कारण नियमांच्या एका वाक्यात आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. पण अनुसूचीतील पहिल्या प्रवर्गाची भाषा जवळपास तशीच राहिली. .३८० किंवा .४५५ बोअरचे कडदार काडतूस, अथवा लष्करी ९ मिलिमीटर किंवा .४५ चे बिनकडेचे काडतूस ज्यात बसू शकते आणि ज्यातून उडू शकते, असे कोणत्याही बोअरचे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा कार्बाइन या प्रवर्गात मोडते. अशा हत्याराचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. बाकीची रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले तिसऱ्या प्रवर्गात येतात. त्यांचा परवाना गोव्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून आणि सुरतेसारख्या पोलीस आयुक्तालयाच्या शहरात आयुक्तांकडून मिळतो.

या वाक्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. बिनकडेच्या काडतुसाच्या संदर्भात त्यात पिस्तुलाबरोबर रिव्हॉल्व्हरचाही उल्लेख आहे. म्हणजे पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरमध्येही बसवले जाऊ शकते, हे नियम करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी हत्याराची शक्ती मोजली नाही किंवा त्याचा आकारही मोजला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला : सरकारी कोठारातले काडतूस या खासगी हत्यारात चालेल काय?

या प्रश्नाची मुळे ब्रिटिश राजवटीत आहेत. यादीतील एकेक आकडा म्हणजे त्या काळच्या एकेका सरकारी हत्याराची खूण आहे. .३०३ ही पायदळाची रायफल; .४५५ आणि .३८० ही अधिकाऱ्यांची व पोलिसांची रिव्हॉल्व्हरे; ९ मिलिमीटर स्टेन कार्बाइनचे आणि ब्राउनिंग पिस्तुलाचे; .४५ थॉम्प्सन बंदुकीचे आणि कोल्ट पिस्तुलाचे. याच यादीत .४१० ची मस्केट आहे. १८५७ च्या उठावाची धास्ती बाळगणाऱ्या सरकारने पोलिसांच्या हाती पूर्ण ताकदीची रायफल देण्याचे टाळले आणि .३०३ च्या पुंगळीचे तोंड रुंद करून एकेरी गोळीची मस्केट त्यांना दिली. काडतूस वेगळे असल्यावर चोरीला गेलेली गोळी चोराच्या उपयोगी पडत नाही, असे ते गणित होते. स्वतंत्र भारताने साम्राज्याचे इतर पुष्कळ कायदे पुसले किंवा बदलले. हे गणित मात्र जसेच्या तसे ठेवले.

ते ठेवण्यात चूक झाली असे म्हणता येणार नाही. ९ मिलिमीटर काडतूस आजही भारतीय लष्कराच्या आणि पोलीस दलांच्या पिस्तुलांत व कार्बाइनमध्ये वापरले जाते. ते खुल्या बाजारात आले, तर सरकारी कोठारातून गळालेली गोळी आणि दुकानातून पावतीवर घेतलेली गोळी यांतला फरक ओळखणे तपास यंत्रणेला कठीण होईल. हीच गोष्ट .४५५ किंवा .४५ बद्दल सांगता येत नाही. ही काडतुसे आता सेनादलांच्या नित्य वापरात राहिलेली नाहीत. सहा-सात दशकांपूर्वीच्या गरजेतून आलेला आकडा केवळ कोणी खोडला नाही म्हणून यादीत उरला आहे.

यादी शक्तीवर आधारलेली नसल्यामुळे आणखी एक विसंगती उभी राहते. .३५७ मॅग्नम हे कडदार रिव्हॉल्व्हर-काडतूस ९ मिलिमीटरपेक्षा अधिक जोरकस आहे. त्याचे नाव मात्र या यादीत नाही, कारण ते कधी इथल्या फौजेचे नव्हते. ९ मिलिमीटरचे छोटे रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित आणि त्याहून जबर मारा करणारे मॅग्नम अप्रतिबंधित, असा हा प्रकार आहे. यादीचा हेतू ठाऊक असणाऱ्याला त्यात तर्क दिसतो. न्यायालयात सात वर्षांच्या शिक्षेला सामोरे जाणाऱ्याला तो समजावून सांगणे अवघड आहे.

.३२ चे जग आणि त्यातली दोन काडतुसे

या बंदीचा सरळ परिणाम म्हणजे भारतातील नागरी छोट्या हत्यारांचा बाजार .३२ या एका आकड्याभोवती गोळा झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. उरली ती सरकारी आयुध निर्माणीची रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले आणि जुन्या मालकांकडून हस्तांतरित होणारी, किमतीने गगनाला भिडलेली विलायती हत्यारे. कानपूरच्या कारखान्यात वेब्लीच्या जुन्या घडणीवरून तयार होणारे .३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे परवानाधारकांची पहिली निवड राहिले. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचार प्रकरणानंतर, २०१४ मध्ये, महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' हे सुमारे अर्धा किलो वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर आले. त्याची किंमत तेव्हा १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. ज्या नोकरदार किंवा कष्टकरी स्त्रीच्या नावाने ते विकले गेले, तिच्या आवाक्यात ती किंमत होती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आणले. बाजूला उघडणारे चक्र आणि ५० मीटरपर्यंतचा पल्ला ही त्याची वैशिष्ट्ये सांगण्यात आली. काडतूस मात्र पुन्हा .३२ च.

'.३२' हा आकडा मात्र एका काडतुसाचे नाव नाही, हे अनेक परवानाधारकांनाही ठाऊक नसते. रिव्हॉल्व्हरचे .३२ हे १८९६ मधील स्मिथ अँड वेसनचे लांब, कडदार काडतूस आहे. पिस्तुलाचे .३२ म्हणजे जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी रचलेले आखूड काडतूस. युरोपात आणि भारतीय पोलिसांच्या पंचनाम्यांत त्यालाच ७.६५ मिलिमीटर म्हणतात. दोहोंच्या गोळीचा व्यास जवळपास सारखा आहे. ब्राउनिंगच्या काडतुसाचे बूड पूर्णपणे बिनकडेचे नाही. त्याला किंचित बाहेर आलेली अर्धी कड आहे. दाबाची मर्यादा मात्र वेगळी आहे. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार रिव्हॉल्व्हरच्या .३२ साठी ती चौरस इंचाला १५,००० पौंड आणि पिस्तुलाच्या .३२ साठी २०,५०० पौंड आहे. म्हणजे पिस्तुलाचे काडतूस सुमारे सदतीस टक्के अधिक दाब निर्माण करू शकते.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. वडिलार्जित, पन्नास-साठ वर्षांचे, पोलाद थकलेले .३२ रिव्हॉल्व्हर घरात असेल आणि आकडा तोच आहे म्हणून त्यात पिस्तुलाचे काडतूस घातले, तर चक्र फुटून वापरणाऱ्याचाच हात जाऊ शकतो. आकड्यावर विसंबू नये, रिव्हॉल्व्हरसाठी लिहिलेलेच काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घालावे, हा नियम साधा आहे. तो पाळला जाण्यासाठी परवान्याच्या पुस्तिकेत, दुकानाच्या नोंदवहीत आणि पावतीवर काडतुसाचे पूर्ण नाव असायला हवे. केवळ '.३२ बोअर' एवढी नोंद हत्याराची ओळख सांगते. काडतुसाची सांगत नाही.

याच्या उलट वाटेनेही प्रवास झालेला आहे. रिव्हॉल्व्हरचे हे शांत, कमी धक्क्याचे .३२ काडतूस नेमबाजांनी अर्धस्वयंचलित क्रीडा-पिस्तुलात आणले. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात ते जगभर वापरले जाते. याच प्रकारात जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. काडतूस आणि हत्यार यांच्या जोड्या काही निसर्गाने बांधून दिलेल्या नाहीत. गरज पडली की त्या बदलतात. म्हणूनच कायद्याने आपली रेषा नेमकी आखणे अगत्याचे ठरते.

तापीच्या वरच्या अंगाला

कायदेशीर बाजार .३२ वर थांबला, तरी बेकायदा बाजार थांबलेला नाही. तापीच्या खालच्या अंगाला सुरत आणि कोसाड आहे, तर वरच्या अंगाला जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका. त्या तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशीत उमर्टी आहे. एक उमर्टी महाराष्ट्रात, तर त्याच नावाचे दुसरे गाव मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात. मध्य प्रदेशातील उमर्टीत धातुकामाचा पिढीजात वारसा असलेल्या कारागिरांपैकी काहींचे हात गावठी पिस्तुलांकडे वळले, आणि महाराष्ट्रातील पोलिसांच्या पंचनाम्यांत हे नाव वारंवार येऊ लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईसाठी गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलिसांच्या पथकावर हल्ला झाला आणि एका सहायक पोलीस निरीक्षकाला काही तास ओलीस धरण्यात आले. राज्याची सीमा, पोलीस ठाण्याची हद्द आणि डोंगराळ भाग यांचा आडोसा घेऊन हा धंदा टिकला आहे.

अशा भट्ट्यांतून बाहेर पडणारे हत्यार कोणत्या काडतुसासाठी घडवायचे, हे कारागीर ठरवत नाही. उपलब्ध गोळी ठरवते. ७.६५ मिलिमीटर गोळी मिळत असेल तर घर तेवढे कोरले जाते, ९ मिलिमीटर मिळत असेल तर तेवढे. घडण ओबडधोबड, पोलाद कुठले ते ठाऊक नाही, नळीत पीळ असेलच असे नाही. कायद्याच्या पुस्तकातील स्वच्छ प्रवर्ग येथे धूसर होतात. 'बसू शकते आणि उडू शकते' ही कसोटी कारखान्यातल्या हत्याराला लावणे सोपे आहे, कारण त्यावर बोअर कोरलेले असते. गावठी हत्यारावर काहीही कोरलेले नसते. त्याचे घर सैल असेल, तर एकाहून अधिक काडतुसे त्यात शिरू शकतात. मग ते कोणत्या प्रवर्गातले, हे ठरवणार कोण?

हे ठरते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. तज्ज्ञ घराचे माप घेतो, चाचणीची गोळी झाडतो आणि अहवाल देतो. त्या अहवालातील एका ओळीवर आरोपीची शिक्षा किमान दोन वर्षांपासून सुरू होणार की सात, हे अवलंबून असते. मुंबईतील १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त यांना दहशतवादविरोधी कायद्याच्या आरोपातून मुक्त करण्यात आले, पण शस्त्र कायद्याखाली शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती पाच वर्षांवर आणून कायम केली. त्या प्रकरणात एके-५६ रायफलीबरोबर ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाचाही समावेश होता. त्या वेळी किमान शिक्षा पाच वर्षे होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांवर गेली. शिक्षा जेवढी कडक, तेवढा पुरावा काटेकोर असावा लागतो. 'पिस्तूल सुस्थितीत असून त्यातून गोळी झाडता येते' एवढेच सांगणारा अहवाल या बदललेल्या कायद्याला पुरत नाही. कोणत्या काडतुसाने चाचणी घेतली, ते घरात नीट बसले की जबरीने सारावे लागले, हे त्यात नोंदलेले असायला हवे. तशी नोंद नसेल तर दोन प्रकारचे अन्याय संभवतात. साध्या कट्ट्यासाठी कुणाला सात वर्षे होतील, किंवा सरकारी गोळ्या वापरणारा सराईत दोन वर्षांत बाहेर येईल.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तपासाला आणखी एक मर्यादा पडते. पिस्तूल पुंगळी बाहेर फेकते आणि घटनास्थळी मिळालेल्या पुंगळीवरील खुणांवरून हत्यार ओळखता येते. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात, मग गुन्हेगाराने पिस्तुलाचे काडतूस वापरले असले तरी. मागे उरते ती केवळ गोळी, आणि नळीत पीळ नसेल तर तिच्यावरही ओळख पटवणारे फारसे काही उरत नाही.

दुरुस्तीने काय साधले, काय राहिले

२०१९ च्या दुरुस्तीची चर्चा झाली ती मुख्यतः एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याच्या तरतुदीमुळे. तिच्यातील एक कमी चर्चिलेला भाग या विषयाशी थेट जोडलेला आहे. सहाव्या कलमात आता नळी आखूड करणे किंवा खेळण्यातले हत्यार खरे करणे यांबरोबरच, नियमांतील एका प्रवर्गाचे हत्यार दुसऱ्या प्रवर्गात रूपांतरित करण्यासही परवान्याशिवाय मनाई आहे. परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर ९ मिलिमीटरसाठी बदलून घेणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. हत्याराचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत 'अग्निशस्त्र'च असल्यामुळे नुसते वेगळे चक्र बाळगणेही निर्धोक नाही. परवानाधारकांनी हे पक्के लक्षात ठेवले पाहिजे.

काडतुसांच्या यादीला मात्र या दुरुस्तीने हात लावला नाही. तिच्या बदलाची मागणी दोन दिशांनी होते. खासगी उत्पादकांना आता शस्त्रनिर्मितीची दारे उघडली आहेत आणि त्यांच्या दृष्टीने .३२ हे जगाने मागे टाकलेले काडतूस आहे. निर्यातीसाठी ९ मिलिमीटरचे हत्यार आणि देशी ग्राहकासाठी .३२ चे, असे दोन साचे त्यांना बाळगावे लागतात. काही परवानाधारकांचे म्हणणे असे की, जीवाला धोका असल्याची खात्री पटवून सरकार ज्याला परवाना देते, त्याला दुबळे आणि महाग काडतूस घ्यायला लावण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला पोलीस यंत्रणेची भीती आहे : ज्या गोळीवर सरकारी खूण असल्याने तिचा माग काढता येतो, तीच गोळी दुकानात मिळू लागली तर माग संपेल.

या दोहोंत दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. विनापरवाना हत्यारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतला, तेव्हा भारतात शस्त्र बाळगणे हा अमेरिकेप्रमाणे मूलभूत हक्क नाही, हे स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने प्रत्येक राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यास सांगितले. बेकायदा शस्त्रांना आळा कसा घालावा, याचा आराखडा या समित्यांनी करायचा आहे. अशा वेळी सेनादलांचे काडतूस नागरी बाजारात मोकळे करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

तथापि यादी गोठवून ठेवणे आणि यादी नीट करणे यांत अंतर आहे. जी काडतुसे कोणत्याही सरकारी दलाच्या वापरात उरलेली नाहीत, त्यांचा फेरविचार व्हावा. जी आहेत, त्यांची नोंद नुसत्या व्यासाने न होता काडतुसाच्या पूर्ण नावाने आणि मापाने व्हावी. परवान्याच्या राष्ट्रीय नोंदवहीत आणि दुकानाच्या पावतीत तीच नावे यावीत. प्रयोगशाळांच्या अहवालासाठी देशभर एकच नमुना ठरावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी संसदेत नवा कायदा आणण्याची गरज नाही. नियम, अधिसूचना आणि परिपत्रक यांवर काम भागते.

गोव्यापुढचा प्रश्न

गोव्यात रिव्हॉल्व्हरपेक्षा शेतीसंरक्षणाच्या बंदुकीची चर्चा अधिक होते. सत्तरी, सांगे, काणकोण, केपे या भागांत रानडुक्कर, गवे आणि माकडे उभे पीक झोपवतात. निवडणुकीची आचारसंहिता लागताच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत काजू-सुपारीची राखण करावी लागते. सरसकट जमा करण्याऐवजी प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार व्हावा, यासाठी जिल्हास्तरावर छाननी समितीची तरतूद आहे. ही समिती खरोखर भेद करते की सर्वांना एकाच तागडीत तोलते, यावर शेतकऱ्याचा कायद्यावरचा विश्वास ठरतो.

काडतुसाचा प्रश्नही मुळात असाच आहे. एकेरी नळीची जुनी बंदूक घेऊन मळ्यात जागणारा शेतकरी, वडिलांचे .३२ रिव्हॉल्व्हर वारशाने मिळालेला म्हापशाचा व्यापारी आणि कोसाडच्या स्थानकाबाहेर ९ मिलिमीटरचा कट्टा बाळगणारा तरुण हे तिघे एकाच शस्त्र कायद्याखाली येतात. त्यांना वेगवेगळे ओळखण्याचे काम कायद्याने हत्याराच्या बोअरवर आणि काडतुसावर सोपवले आहे. ते काम नीट व्हायचे असेल, तर काडतुसाचे नाव, माप आणि दाब या गोष्टी परवाना लिहिणाऱ्या कारकुनापासून शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या कागदावर एकसारख्या असायला हव्यात.

मुख्य सचिवांच्या समितीने आपला आराखडा तयार करताना हा मुद्दा टिपणात घ्यावा, आणि येत्या निवडणुकीपूर्वी जमा होणाऱ्या प्रत्येक हत्याराची नोंद तपासताना परवान्यातील काडतुसाचा रकाना पूर्ण आहे का, एवढे पाहावे. शस्त्रे पोलीस ठाण्यात आपसूक येणारच आहेत. त्यासाठी वेगळी मोहीम लागत नाही, फक्त नोंदवहीत एक ओळ अधिक लिहावी लागते.